गाडीला वाटायचं, मी मागे बसलेय

तो दिवा पहिल्यांदा लागला तेव्हा मी त्याला शिवी दिली. धुळ्याहून अमळनेरला कॉलेजात निघाले होते. फागणं ओलांडलं आणि स्पीडोमीटरच्या बाजूला एक लाल चित्र उमटलं: बसलेला माणूस आणि त्याच्या छातीपुढे भला मोठा गोळा. एअरबॅगचा दिवा. पहिलं लेक्चर साडेआठचं, मला उशीर झालेला, आणि या बाबाला नेमकं आत्ताच दर्शन द्यायचं होतं. मी माझ्या वाट्याचं बोलून घेतलं आणि गाडी तशीच दामटली. पारोळ्याच्या अलीकडे दिवा आपणहून विझला. माझ्या तोंडाला घाबरला असेल, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलं तेव्हा सगळे हसले.

माझा राग आमच्या गल्लीत प्रसिद्ध आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे झालं त्यात गाडीचा दोष निम्माही नव्हता.

घरात आम्ही दोघंच, मी आणि आबा. आबा म्हणजे माझे वडील. आई जाऊन सहा वर्षं झाली. माझ्या लग्नाचा विषय आबांनी स्वतःच्या निवृत्तीच्याही आधी बंद करून टाकला, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ते एसटीत ड्रायव्हर होते, एकतीस वर्षं, आणि त्या एकतीस वर्षांत एकही अपघात नाही. साधा आरसाही घासला नाही, असं ते सांगायचे. पाहुण्यांना चहाबरोबर ही गोष्ट मिळायचीच. गाडी मी माझ्या पगारातून सेकंडहँड घेतली, पण चालवायला शिकवलं आबांनी. माझी उंची चार फूट दहा इंच. सीट शेवटच्या खाचेपर्यंत पुढे ओढली, तरच पाय क्लचला नीट पुरतात. शेजारी बसून आबा चिडवायचे, "स्टेरिंग धरी राहिनी का त्याले मिठी मारी राहिनी?" घरात ते अहिराणीच बोलतात, मी शहरी बोलते. आमचं असंच चालतं.

चालायचं म्हणायला हवं. कारण मी सांगतेय त्या वर्षी आबा मला चिडवत नव्हते. माझ्याशी बोलतच नव्हते.

झालं असं होतं. एका सकाळी भाजी आणायला आबा माझी गाडी घेऊन गेले आणि परत येताना गल्लीच्या तोंडाशी त्यांनी दूधवाल्याच्या मोटारसायकलला ठोकलं. दूधवाला पडला, कोपर सोलवटलं, दूध रस्त्यावर. आबा म्हणाले, तो चुकीच्या बाजूने आला. पण मी गॅलरीत उभी होते आणि मला दिसलं होतं, की दूधवाला आलाच नव्हता. तो उभा होता. एका जागी, गाडी स्टँडवर लावून. मी खाली गेले आणि सगळ्या गल्लीसमोर हात पुढे करून किल्ली मागितली. त्यांनी दिली नाही, तेव्हा हातातून ओढून घेतली.

"आधी डोळे तपासून घ्या, मग मागा किल्ली," मी म्हणाले.

"मना डोळा एसटीना डॉक्टरनी पास करेल शेतस," आबा म्हणाले.

"तो डॉक्टर तरी जिवंत आहे का अजून?"

लोक हसले. दूधवालाही हसला, कोपराला फडकं दाबून. मी जिंकले होते. आबा जिना चढून वर गेले आणि त्या दिवसापासून त्यांचं माझ्याशी बोलणं 'हा' आणि 'नई' एवढ्यावर आलं. जेवायचं का? हा. औषध घेतलं? हा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं? नई. सकाळी मी निघाले की ते जिन्यात येऊन उभे राहत, पण तोंड दुसरीकडे. मीही कमी नव्हते. मला त्यांच्याकडून फक्त दोन वाक्यं ऐकायची होती: मला दिसत नाही, आणि तू केलंस ते बरोबर केलंस. ती ऐकल्याशिवाय मी नमणार नव्हते. असे अकरा महिने गेले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तसे आम्ही बापलेक.

दिव्याचं म्हणाल, तर तो आता रोज येऊन-जाऊन असायचा. खड्ड्यांच्या रस्त्यावर लागायचा, सरळ रस्त्यावर विझायचा. विझला की मला बरं वाटायचं. पहिल्या गॅरेजवाल्याने मशीन लावून चूक पुसून टाकली आणि म्हणाला, झालं काम. तीन दिवस झालं. दुसरा जरा हुशार होता. त्याने मशीनवर आलेलं वाचून दाखवलं: चालकाच्या सीटचा सेन्सर, संदेश बरोबर नाही. सेन्सर खराब, नवा मागवावा लागेल, आठ-दहा दिवस. मी विचारलं, सीटला कसला आलाय सेन्सर? सीट काय हलते का आपणहून? तो म्हणाला, "ताई, असतो एक." यापलीकडे त्याला सांगता येईना. ज्याला सांगता येत नाही त्याच्याकडून मी काही विकत घेत नाही. वाणिज्य शिकवण्याचा हा एक परिणाम.

तिसऱ्याचं नाव एका सहकाऱ्याने सुचवलं. पारोळा रोडवर त्याचं गॅरेज होतं. पन्नाशीचा माणूस, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. कॉलेजला सुट्टी होती त्या दिवशी मी सकाळीच गाडी घेऊन गेले. नवा सेन्सर मागवायचा का, म्हणून विचारलं.

"बदलून काय होणार ताई? आधी पाणी कुठं मुरतंय ते तर पाहू," तो म्हणाला, आणि मला स्टूल दिलं.

मग त्याने मला समजावून सांगितलं, आणि या माणसाबद्दल मला जो आदर वाटला तो अजून आहे. अपघात झाला की एअरबॅग हळूच फुगत नाही, स्फोट होऊन फुगते. लांब बसलेल्या माणसाला तेवढा जोर लागतो. पण जो स्टिअरिंगला चिकटून बसतो, त्याला तोच जोर छातीवर, मानेवर बसतो. म्हणून काही गाड्यांत सीटच्या रुळाजवळ हा सेन्सर असतो. सीट पुढे आहे की मागे, एवढंच तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो. पुढे असली तर कॉम्प्युटर पिशवी जरा सबुरीने फुगवतो.

"तुमच्या छातीपासून स्टिअरिंग किती लांब आहे?" त्याने विचारलं.

मी गाडीत बसून हाताने मोजलं. एक वीत आणि दोन बोटं. त्याने नुसती मान हलवली.

त्याने बॅटरीची तार काढली आणि घड्याळ पाहत दहा मिनिटं थांबला. या पिवळ्या तारांत वीज मागे राहते, घाई करायची नाही, म्हणाला. मग सीटखालचा जोड सुटा करून आतल्या पिना पाहिल्या. गंज नव्हता. तार बोटाबोटाने चाचपली, कुठे दबली नव्हती, कापली नव्हती. सगळं परत जोडून त्याने मशीन लावलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. सीट पूर्ण मागे ढकलली. पडद्यावर आलं: मागे. बरोबर. मग सीट पुढे ओढली, माझ्या शेवटच्या खाचेपर्यंत. पडद्यावर तेच: मागे. त्याने सीटवर बुक्की मारली. पडदा एक क्षण गोंधळला, ना पुढे ना मागे, आणि तो लाल दिवा लागला. पुन्हा बुक्की मारली. दिवा विझला आणि पडद्यावर आलं: मागे.

"दिवा लागतो तेव्हा गाडीला काहीतरी चुकतंय एवढं तरी कळतं," तो म्हणाला. "विझतो तेव्हा तिची खात्री असते, की तुम्ही मागे बसलाय. उंच माणसासारख्या."

म्हणजे मला ज्या वेळी बरं वाटायचं, तीच वेळ वाईट होती. मी रोजचा रस्ता डोळ्यांपुढे आणला: ट्रक, उसाच्या ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या, मध्येच वळणारे रिक्षावाले. आणि स्टिअरिंगला मिठी मारून बसलेली मी.

सेन्सर खराब असता तर तो असा बुक्कीने बदलला नसता, याच्याजवळ काहीतरी हलतंय, असं म्हणत त्याने सीटचे चारही बोल्ट सोडले आणि सीट मागे कलंडवली. मग खाली वाकून तो बराच वेळ तसाच राहिला. मी स्टुलावरून उठून पाहिलं.

सीटच्या खालच्या पट्टीला तांब्याच्या तारेने एक घोड्याची नाल बांधलेली होती. वर काळा दोरा, सात वेढे. नालेचं एक टोक बरोबर त्या बोटभर सेन्सरच्या तोंडाशी आलं होतं. हा सेन्सर लोखंड ओळखतो. रुळाचं लोखंड समोर आलं की सीट मागे, असं त्याला शिकवलेलं. आणि समोर चोवीस तास नाल.

मी ती लगेच ओळखली. एका बाजूचं खिळ्याचं भोक फाटलेली ती नाल आबांची होती. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून आलेली, आबांच्या प्रत्येक एसटीत त्यांच्या सीटखाली राहिलेली. निवृत्तीनंतर ती ट्रंकेत पडून आहे असं मी समजत होते. आणि मला आठवलं, किल्लीचं भांडण झाल्यावर पहिल्याच रविवारी, मी गाडी धुवून उघडीच ठेवली होती तेव्हा, आबा तिचं दार उघडून कितीतरी वेळ खाली बसले होते. मी गॅलरीतून पाहिलं होतं. स्टिअरिंगची आठवण येत असेल, येऊ दे, असं मनात म्हणून आत गेले होते.

"कापा ती," मी मेकॅनिकला म्हणाले.

त्याने हात मागे घेतले. "नाही ताई. ही मी नाही सोडणार. ज्याने बांधली त्यानेच सोडायची असते. दुसऱ्याने सोडली तर गाडीला पण चांगलं नाही आणि बांधणाऱ्याला पण नाही."

"तुम्ही कॉम्प्युटरवर काम करता आणि हे मानता?"

"कॉम्प्युटरचं कॉम्प्युटरला," तो शांतपणे म्हणाला. "मी ड्रायव्हर लोकांच्यात वाढलोय."

माझं डोकं फिरलं. मी गॅरेजच्या दारात जाऊन आबांना फोन लावला आणि त्यांनी 'हा' म्हणायच्या आत बोलून टाकलं, "तुम्ही सीटखाली नाल बांधलीत? विचारलंत का मला? त्या नालेपायी मी मेले असते, आबा. अकरा महिने मी मरायला जात होते. एकतीस वर्षांत कुणाला मारलं नाहीत, घरातलीच मिळाली का?"

आबा एवढंच म्हणाले, "कोठे शेस?"

मी पत्ता सांगितला. अकरा महिन्यांत त्यांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न होता, हे फोन ठेवल्यावर लक्षात आलं. लक्षात येऊनही राग उतरला नाही.

आबा रिक्षाने आले. रिक्षावाल्याने थांबवल्यावर त्यांनी आधी एक पाय बाहेर काढून जमीन चाचपली, मग दुसरा. गॅरेजच्या उंबऱ्याशी तसंच. आम्ही वर्षभरात कुठे बरोबर गेलोच नव्हतो, म्हणून मी त्यांना घराबाहेर चालताना पाहिलंच नव्हतं. घरात सगळं पाठ असतं, चार पावलांवर न्हाणीघर, सहा पावलांवर जिना. त्यांच्या शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात होतं.

मेकॅनिकने त्यांना 'बसा आबा' म्हणून स्टूल दिलं. ते बसले नाहीत. मेकॅनिकने मला सांगितलं होतं तेच सगळं त्यांना पुन्हा सांगितलं, पण मी फोनवर बोलले तसं नाही. सेन्सर नाजूक आहे, लोखंडाने फसतो, यात कुणाची चूक नाही, असं. आबा मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "कितला दिन?"

"अकरा महिने," मी म्हणाले. अजूनही माझा आवाज चढाच होता.

ते गाडीशी गुडघ्यावर बसले. हात सीटवरून, पट्टीवरून फिरवत नेले आणि नालेवर थांबले. दोरा त्यांनी बोटांनी सोडवला. तारेची गाठ घट्ट होती, म्हणून पकड मागितली. मेकॅनिकने पकड पुढे धरली. आबांचा हात तिच्या शेजारून गेला. पुन्हा गेला. पकड लालभडक मुठीची, एक हात अंतरावर, भर दुपारच्या उजेडात. मी पाहत होते आणि मेकॅनिकही. मग त्याने ती त्यांच्या तळव्यात ठेवली.

आबांना कळलं, की आम्हाला कळलं. ते वळले नाहीत. गाठ पिळत तसेच बोलले, खाली तोंड करून.

"मना उस्तादनी माले दिधी व्हती, त्यानी गाडी सोडी तवय. नाल दिधी म्हंजे गाडी दिधी. आते तूच ड्रायव्हर, म्हनीसन बांधी दिधी मी. तोंडवर सांगाले नई जमनं."

तार तुटली. नाल त्यांच्या हातात आली.

"माले दखाई नई राहिनं, पोरी. वरीस व्हयनं. हातले पट्टी लागनी, तठे बांधी दिधी. किल्ली लिधी, ते बरं करं तू."

ती दोन वाक्यं. अकरा महिने मला हीच ऐकायची होती, अगदी याच क्रमाने. ऐकल्यावर मला इतकी लाज वाटली, की त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी मला गाडी कधीच देऊन टाकली होती. भांडण माझ्या एकटीकडेच चालू होतं. मी म्हणत होते तुमचे डोळे गेलेत, दिवसातून दहादा म्हणत होते, पण ते जिंकण्यासाठी. खरंच जाताहेत का, हे पाहायला एकदाही त्यांच्यासमोर बसले नव्हते. जिन्यात ते तोंड दुसरीकडे करून उभे राहत, तेव्हा रुसवा नव्हता. मी नेमकी कुठे आहे तेच त्यांना दिसत नसावं.

"आबा, मी फोनवर जे बोलले..." मी म्हणाले.

"खरं बोलनी," ते म्हणाले आणि उठायला हात पुढे केला. तो मी धरला.

त्यांनी नाल मेकॅनिककडे दिली. त्याने ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि कामाच्या टेबलावर ठेवली. मग सीट पुन्हा बसवून बोल्ट आवळले, मशीन लावलं. सीट पुढे ओढली: पुढे. मागे ढकलली: मागे. पाच-सहा बुक्क्या मारून पाहिल्या. दिवा लागला नाही. नवा काही भाग लागलाच नाही. सेन्सर पहिल्यापासून चांगला होता. आबांनी विचारलं, "आते बरोबर सांगस ना तो?" मेकॅनिक म्हणाला, "हो आबा, आता बरोबर सांगतोय." आबांनी मान डोलावली.

डॉक्टरकडे आम्ही त्याच आठवड्यात गेलो. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची, असं डॉक्टर म्हणाले. वर्षभर आधी आला असतात तर, एवढं म्हणून ते थांबले आणि चिठ्ठी लिहायला लागले. ते अर्धं वाक्य माझं आहे. आबांनी ते मला कधी ऐकवलं नाही आणि ऐकवणारही नाहीत. ऐकवलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

पण मला सांगायचंय ते गॅरेजमधून घरी येतानाचं. आबा शेजारच्या सीटवर बसले. पट्टा मी लावून दिला. रस्त्याला गर्दी होती, हॉर्न वाजत होते, मी अवघडून चालवत होते. ज्या माणसाने या शहरात एकतीस वर्षं बस फिरवली, त्याच्या शेजारी बसून चालवताना मला नेहमीच अवघड व्हायचं. ते मध्येच ब्रेकवर पाय असल्यासारखा पाय दाबायचे. त्या दिवशी दाबत नव्हते.

मग त्यांनी विचारलं, "आपन कोठे उनूत?"

मला आधी वाटलं थट्टा करताहेत. त्यांच्याकडे पाहिलं. ते काचेतून सरळ समोर बघत होते, अगदी ड्रायव्हरसारखे.

"पांझरेच्या पुलावर, आबा."

"मोठा पूल?"

"हो, मोठा."

"पुढे काय शे?"

"एक रिक्षा. तिच्या पुढे ट्रॅक्टर. समोरून एसटी येतेय."

"कोठली?"

मी पाटी वाचून सांगितली. त्यांनी मान हलवली, आणि पुलाचा उतार लागल्यावर पुन्हा म्हणाले, "आते?" मी सांगितलं. घर येईपर्यंत ते विचारत राहिले, सिग्नल लाल का हिरवा, डावीकडचं दुकान उघडं का बंद, ऊन आहे का ढग आलेत. मी एकेक सांगत गेले. वर्षभरात आबा माझ्याशी एवढं बोलले नव्हते, आणि जे बोलले ते सगळे प्रश्नच होते.